टर्नटेबल वायरलेस होम थिएटरला जोडायचंय? आधी खोक्याची पाठ बघा

माळ्यावरच्या ट्रंकेतून रेकॉर्डी निघतात, हौसेने टर्नटेबल येतं, आणि मग कळतं की हॉलमधल्या होम थिएटरला ती लाल-पांढरी वायर लावायला जागाच दिसत नाही. नौपाड्यातल्या जुन्या इमारतीतला हॉल असो की घोडबंदर रोडवरच्या टॉवरमधला, घोळ तोच. बहुतेक जण मग दुकानदार देईल तो अडॅप्टर आणतात, तो चालत नाही, म्हणून दुसरा आणतात. हे टाळायचं तर खरेदी सगळ्यात शेवटी करा.

वायरलेस सेटमध्ये तारेशिवाय जातो तो मुख्य खोक्यापासून मागच्या स्पीकरांपर्यंत आणि सबवूफरपर्यंतचा आवाज. मुख्य खोकं म्हणजे साउंडबार, रिसीव्हर किंवा कंट्रोल बॉक्स, तुमच्याकडे जे असेल ते. टर्नटेबलने फक्त त्या खोक्यात शिरायचं, पुढचं वाटप खोकं करतं. तेव्हा शोधायचं एवढंच, की आत शिरायला दार कोणतं आहे आणि त्या दाराला सुईचा आवाज चालतो का.

फोटो काढा, मग दुकानाची पायरी चढा

साउंडबार भिंतीवर ठोकलेला असेल तर मोबाइल मागे घालून फ्लॅश लावून फोटो काढा. टर्नटेबलच्या पाठीचाही एक काढा. साउंडबारवर बघायचं ते हे: ३.५ मिमीचं ऑक्स किंवा लाइन-इन आहे का, लाल-पांढरी आरसीए भोकं आहेत का, चौकोनी झाकणाचं ऑप्टिकल आहे का. एचडीएमआय बहुधा असेलच, पण टर्नटेबलच्या दृष्टीने त्याचा थेट उपयोग नाही. टर्नटेबलवर बघायचं ते हे: ‘फोनो’ आणि ‘लाइन’ असं लिहिलेलं छोटं बटण आहे का, जमिनीची म्हणजे अर्थची वेगळी वायर किंवा स्क्रू आहे का, आणि वीज किती लागते.

या शेवटच्या गोष्टीवर जरा थांबतो, कारण ठाण्यात आणि नवी मुंबईत अमेरिकेहून भाच्याने आणलेली टर्नटेबलं कमी नाहीत. तुमचं टर्नटेबल छोट्या अडॅप्टरवर चालत असेल आणि त्या अडॅप्टरवर १००–२४० व्होल्ट छापलेलं असेल, तर काही चिंता नाही, फक्त पिन बदला. पण मोटर थेट भिंतीच्या विजेवर चालणारी आणि ११०–१२० व्होल्ट, ६० हर्ट्झची असेल तर गोष्ट वेगळी. महावितरणची वीज २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर व्होल्ट कमी करतो, हर्ट्झ बदलत नाही. अशी मोटर विजेच्या हर्ट्झप्रमाणे फिरते, म्हणजे आपल्याकडे सहातला एक भाग हळू. मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांऐवजी २८ च्याही आत. काळी चारमध्ये गायलेलं पद पांढरी चारच्याही खाली उतरतं आणि गायिकेचा आवाज बुवांसारखा येऊ लागतो. त्यावर उपाय म्हणजे त्या मॉडेलची ५० हर्ट्झची पुली मिळवणं. ती मिळत नसेल तर ते टर्नटेबल भाच्याला परत द्या.

सुईचा आवाज बारीक का, आणि तो एकदाच का वाढवायचा

सुई ज्यात बसवलेली असते तो छोटा भाग म्हणजे काट्रिज. साध्या मूव्हिंग मॅग्नेट काट्रिजमधून साधारण ३ ते ५ मिलिव्होल्ट एवढा सिग्नल निघतो. ऑक्सच्या भोकाला काहीशे मिलिव्होल्ट हवे असतात. मधली तफावत भरून काढायला फोनो प्रीअँप लागतो. तो सिग्नल शंभरेक पटीने वाढवतो. महागड्या मूव्हिंग कॉइल काट्रिजचा सिग्नल याहून बारीक, अर्ध्या मिलिव्होल्टच्या आत. त्याला हजारेक पट लागते आणि प्रीअँपवर त्याची वेगळी सोय असावी लागते. नवख्याने या भानगडीत पडू नये.

प्रीअँपचं दुसरं काम अनेकांना माहीत नसतं. रेकॉर्ड कापताना खालचे सूर मुद्दाम दाबलेले असतात आणि वरचे उचललेले असतात. तसं केलं नाही तर तबल्याच्या डग्ग्याच्या एकेका थापेला खाचा इतक्या रुंद लागतील की एका बाजूवर निम्मीसुद्धा गाणी मावणार नाहीत. वाजवताना ते बरोबर उलटं करावं लागतं. या उलटापालटीचं माप १९५४ साली आरआयएए वक्र म्हणून ठरलं आणि आजही तेच चालतं. २० हर्ट्झला सुमारे २० डेसिबल कमी, २० हजार हर्ट्झला तेवढेच जास्त. त्यामुळे टर्नटेबल थेट ऑक्सला लावून आवाज पूर्ण वाढवला तरी उपयोग नाही. गाणं ऐकू येईल, पण पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखं, खर्ज गायब.

आता नियम. हा प्रीअँप साखळीत कुठेतरी असलाच पाहिजे, आणि एकाच जागी असला पाहिजे. हल्लीच्या बऱ्याच सुरुवातीच्या टर्नटेबलांत तो आतच असतो. ऑडिओ-टेक्निकाचं एटी-एलपी६०एक्स हे त्यातलंच. मागचं बटण ‘लाइन’वर ठेवलं की आतला प्रीअँप चालू, ‘फोनो’वर ठेवलं की बंद. बटणच नसेल आणि माहितीपुस्तिकेत प्रीअँपचा उल्लेख नसेल तर बाहेरचा घ्यावा लागेल. साबणाच्या वडीएवढी ती डबी असते आणि साउंडबारच्या किमतीपुढे तिची किंमत किरकोळ. ठाण्यात मिळाली नाही तर दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरा, लॅमिंग्टन रोडवर मिळेल. हल्ली ऑनलाइन मागवणं सोपं, पण लॅमिंग्टन रोडला समोर वाजवून बघता येतं.

सुटकेससारखे दिसणारे स्वस्त प्लेअर आणि जुने भारतीय पोर्टेबल सेट यांत बहुधा सिरॅमिक काट्रिज असतं. त्याचा सिग्नल मुळातच मोठा. सुटकेस प्लेअरच्या मागे लाल-पांढरं आउटपुट असेल तर ते थेट ऑक्सला चालतं. जुन्या सेटमधून नवीन वायर काढायची असेल तर आधी जाणत्या मेकॅनिकला दाखवा. काही जुन्या सेटांत आतल्या पत्र्यात थेट वीज असते, आणि तिथून काढलेली तार तुमच्या साउंडबारपर्यंत आणि बोटापर्यंत पोचते.

दारं, पसंतीच्या क्रमाने

तुमच्या सेटमध्ये एव्ही रिसीव्हर असेल आणि त्याच्या मागे ‘फोनो’ लिहिलेली दोन भोकं आणि शेजारी स्क्रू असेल, तर तुमचं काम झालं. टर्नटेबलचं बटण ‘फोनो’वर ठेवा, लाल लालला, पांढरी पांढरीला, अर्थची वायर स्क्रूला. बाहेरचा प्रीअँप नको.

ऑक्स किंवा लाइन-इन हे बहुतेकांचं दार. टर्नटेबलचं बटण ‘लाइन’वर, किंवा मध्ये बाहेरचा प्रीअँप. एका टोकाला दोन आरसीए आणि दुसऱ्या टोकाला एक स्टिरिओ पिन अशी केबल लागते. दीड-दोन मीटर पुरे. मला विचाराल तर साउंडबारला ऑक्स असताना ब्लूटूथच्या नादी लागू नका. तारेने सिग्नल मुख्य खोक्यात घाला, पुढे हवेतून जाऊ द्या.

सोनोस वापरणाऱ्यांसाठी थोडं वेगळं. सोनोस फाइव्हला मागे ३.५ मिमीचं लाइन-इन आहे. एरा १०० आणि एरा ३०० ला यूएसबी-सीमध्ये लावायचा लाइन-इन अडॅप्टर वेगळा घ्यावा लागतो. बीम आणि आर्क या साउंडबारना मात्र असं दारच नाही. तुमच्याकडे बीम आहे आणि आतल्या खोलीत एरा १०० आहे, तर टर्नटेबल एराला जोडा आणि ॲपमध्ये दोन्ही एका गटात घ्या, हॉलमध्ये गाणं वाजेल. मध्येच तुटत असेल तर ॲपमध्ये लाइन-इनचा विलंब वाढवायची सोय आहे.

ऑक्स नाही, ऑप्टिकल रिकामं आहे, अशी स्थिती असेल तर मध्ये एक छोटी डबी लागते जी ॲनालॉगचं डिजिटल करते, एडीसी. इथे लोक हमखास फसतात. दुकानात “ऑप्टिकल कन्व्हर्टर द्या” म्हटलं की समोर येतो डीएसी, म्हणजे उलट काम करणारा, आणि वर “घ्या काका, दोन्ही सारखेच असतात” हेही ऐकायला मिळतं. नसतात. डबीवर बघा: आरसीएच्या बाजूला ‘इन’ आणि ऑप्टिकलच्या बाजूला ‘आउट’ लिहिलेलं हवं. या डबीला वीज यूएसबीने लागते. ती टीव्हीच्या यूएसबीतून घेऊ नका, कारण टीव्ही बंद केला की बऱ्याचदा डबीही बंद पडते. मोबाइलचा जुना चार्जर लावा. आणखी एक: काही साउंडबारमध्ये एचडीएमआय एआरसी (टीव्हीचा आवाज साउंडबारकडे आणणारं भोक) आणि ऑप्टिकल दोन्ही ‘टीव्ही’ याच इनपुटखाली असतात. टीव्ही चालू असला की तोच जिंकतो आणि रेकॉर्डचा आवाज येत नाही. तेव्हा टीव्ही बंद करून बघा, मगच डबीला नावं ठेवा.

टीव्हीच्या मागे जुनं एव्ही-इन असेल तर तेही दार आहे. प्रीअँपमधून लाल-पांढरी तिथे, टीव्हीवर एव्ही इनपुट निवडा, आवाज एआरसीने साउंडबारला जातो. काही टीव्ही चित्र नसलं की आवाजही बंद ठेवतात, त्यामुळे केबल घेण्याआधी घरातल्या जुन्या केबलने करून बघा. चाललं तरी गाण्यासाठी टीव्ही चालू ठेवावा लागतो, म्हणून मला हा मार्ग फारसा आवडत नाही.

उरलं ब्लूटूथ. साउंडबार ब्लूटूथ घेतो, पण त्याला पाठवणारं कोणी हवं. ऑडिओ-टेक्निकाच्या एटी-एलपी६०एक्सबीटीसारख्या टर्नटेबलांत पाठवणारा आतच असतो. नसेल तर प्रीअँपच्या पुढे ब्लूटूथ ट्रान्समीटर लावा. गाडीत लावायच्या स्वस्त डोंगलांपैकी बरेचसे फक्त घेणारे असतात, ते इथे निरुपयोगी. पाकिटावर ट्रान्समीटर किंवा ‘टीएक्स’ असं स्पष्ट हवं. जोडताना घरातल्या सगळ्या मोबाइलचं ब्लूटूथ बंद करा, नाहीतर साउंडबार सवयीने तुमच्या फोनलाच जाऊन चिकटेल. दोन्ही वस्तू मीटरभर अंतरावर आणा, साउंडबार पेअरिंगवर टाका, मग ट्रान्समीटरचं बटण दाबून धरा. त्याला पडदा नसतो, यादी नसते, जो पेअरिंगमध्ये सापडेल त्याला तो धरतो. टॉवरमध्ये शेजारच्या फ्लॅटचा स्पीकर त्याच वेळी पेअरिंगवर असेल तर तुमचं नाट्यसंगीत त्यांच्याकडे वाजू शकतं. अंतर मोकळ्यात दहाएक मीटर, मध्ये आरसीसीची भिंत आली की बरंच कमी.

रेकॉर्ड डिजिटल करून हवेतून पाठवणं म्हणजे पाप, असं म्हणणारे भेटतील. त्यांचं ऐकून घ्या आणि सोडून द्या. साध्या साउंडबारवर ब्लूटूथने जे बिघडतं त्याहून कितीतरी जास्त टर्नटेबल वाकडं ठेवल्याने बिघडतं.

कुठे ठेवायचं आणि कसं तोलायचं

टर्नटेबल ठेवायला सगळ्यांना टीव्ही युनिट सुचतं. त्याच युनिटच्या पोटात किंवा शेजारी सबवूफर असतो. सबवूफरचा हादरा फळीतून सुईपर्यंत जातो, सुई तो पुन्हा गाण्यात मिसळते, सबवूफर आणखी जोरात हादरतो, आणि घूं असा वाढत जाणारा आवाज सुरू होतो. सबवूफर वायरलेस असण्याचा खरा फायदा इथे घ्या. त्याला फक्त विजेचं सॉकेट हवं, तेव्हा तो हॉलच्या दुसऱ्या टोकाला न्या. टर्नटेबल शक्यतो भिंतीत पक्क्या ठोकलेल्या फळीवर ठेवा. रस्त्याला लागून घर असेल आणि खालून डंपर गेला की काचा वाजत असतील, तर फळी बाहेरच्या भिंतीला नको, आतल्या भिंतीला घ्या. हॉलमध्ये झोपाळा असेल तर त्याच्या कड्या ज्या तुळईत आहेत तिच्यापासूनही लांब.

मग पाणसळ. गवंड्याची छोटी पाणसळ हार्डवेअरच्या दुकानात मिळते. मोबाइलचं ॲपही चालतं, फक्त फोनचा कॅमेऱ्याचा उंचवटा मध्ये येतो. थाळीवर उभी-आडवी ठेवून बघा आणि पायाखाली पातळ पट्ट्या देऊन सरळ करा.

सुईचा भार हा नवख्यांना सगळ्यात घाबरवणारा भाग, पण शांतपणे केला तर दहा मिनिटांचं काम आहे. टर्नटेबल बंद, सुईचं टोपण काढलेलं, अँटिस्केट (सुईला आत खेचणारा जोर तोलणारं बटण) शून्यावर. मागचं वजन फिरवत जा, जोपर्यंत आर्म, म्हणजे सुईची दांडी, हवेत आडवा, न वर न खाली असा तरंगत नाही. मग वजनावरचा आकड्यांचा गोल फक्त शून्यावर आणा, वजन न हलवता. आता वजन आणि गोल दोन्ही मिळून काट्रिजवर सांगितलेल्या ग्रॅमपर्यंत फिरवा. एटी-व्हीएम९५ई काट्रिजला २ ग्रॅम सांगितलेले आहेत. इतर बरीचशी दीड ते अडीचच्या मध्ये असतात. अँटिस्केटही त्याच आकड्यावर. भार कमी ठेवला की रेकॉर्ड जपली जाते असं वाटतं, ते चुकीचं. हलकी सुई खाचेत धरून राहत नाही, आपटत जाते, आणि नुकसान तिनेच जास्त होतं. एटी-एलपी६०एक्ससारख्यांत भार कारखान्यातच ठरलेला असतो, तिथे हा परिच्छेद सोडून द्या.

जोडणी आणि पहिलं गाणं

सगळ्यांच्या पिना भिंतीतून काढा. केबल लावा, बाहेरचा प्रीअँप असेल तर अर्थची वायर त्याच्या स्क्रूला घट्ट करा. आधी टर्नटेबल आणि प्रीअँप चालू करा, मग साउंडबार, आवाज अगदी खाली. इनपुट निवडा. सुई टेकवा, आणि मग हळूहळू आवाज वाढवा. सुई उचलण्याआधी आवाज खाली आणायची सवय लावून घ्या, स्पीकर वाचतात.

गाणं वाजायला लागलं की साउंडबारच्या सेटिंगमध्ये जा. होम थिएटर सिनेमासाठी बनलेलं असतं. दोन वाहिन्यांच्या गाण्याचे तुकडे करून ते पाच दिशांना वाटतं, आणि मग पेटी डाव्या कानामागे आणि गाणारा खिडकीत, असं काहीतरी ऐकू येतं. साठच्या दशकाआधीच्या बहुतेक मराठी रेकॉर्डी तर मोनो आहेत, त्यांचं असं करणं म्हणजे थट्टाच. मोड ‘स्टिरिओ’ किंवा ‘म्युझिक’ ठेवा. सराउंड, नाइट मोड, संवाद उठावदार करणारं सेटिंग, ओठ-आवाज जुळवणारा विलंब, सगळं बंद. सबवूफर दोन-तीन पायऱ्या खाली घ्या. रेकॉर्ड किंचित वाकडी असेल तर सुई वर-खाली होते आणि ती अगदी खालची थरथर सबवूफरला गाणंच वाटते. सबवूफरचा पडदा उगाच आत-बाहेर होताना दिसला तर कारण हेच.

बिघडलं तर

आवाज क्षीण आणि पातळ: प्रीअँप कुठेच नाही, किंवा बटण ‘फोनो’वर राहिलंय. आवाज फाटका आणि फार मोठा: प्रीअँप दोनदा लागलाय, म्हणजे ‘लाइन’वरचं टर्नटेबल ‘फोनो’ भोकात गेलंय. एकाच बाजूने आवाज: लाल आणि पांढरी पिन टर्नटेबलच्या टोकाला आपापसात बदला. गप्प बाजूही बदलली तर दोष केबलच्या अलीकडे, म्हणजे काट्रिजच्या चार बारीक तारांपैकी एक सुटलीय. बाजू तीच राहिली तर दोष केबलमध्ये किंवा पुढे.

हं असा सलग गुणगुणणारा आवाज वेगळा हाताळावा लागतो. आधी अर्थची वायर बघा. ती ठीक असेल तर टीव्हीला जोडलेल्या सेटटॉप बॉक्समधून बाहेरून येणारी केबल काढून बघा. केबलवाल्याची तार इमारतीच्या गच्चीवरून वेगळं अर्थिंग घेऊन येते आणि तुमच्या सॉकेटचं अर्थिंग वेगळं असतं, त्या दोघांच्या भांडणाचा हा आवाज असतो. केबल काढल्यावर थांबला तर दोष सापडला. टर्नटेबल, प्रीअँप, टीव्ही आणि साउंडबार एकाच एक्स्टेंशन बोर्डवर घेतल्यानेही बरंच शमतं. तीन पिनेची अर्थची पिन काढून टाकण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मानू नका. जुन्या इमारतीत अर्थिंगच नसेल तर आधी वायरमनला बोलवा.

माळ्यावरच्या रेकॉर्डींबद्दल थोडं

ठाणे-नवी मुंबईच्या पावसाळ्यात रेकॉर्डीवर पांढरे ठिपके येतात, ती बुरशी असते. डिस्टिल्ड वॉटर, मऊ सुती किंवा मायक्रोफायबर कापड, खाचेच्या दिशेने गोल पुसायचं, मधल्या कागदी लेबलला पाणी लागू द्यायचं नाही, उभी ठेवून पूर्ण वाळवायची. नळाचं पाणी नको, वाळल्यावर क्षार खाचेत बसतात. सध्या मेट्रोच्या कामाची धूळ ज्यांच्या खिडकीत येते त्यांनी प्रत्येक बाजू वाजवण्याआधी ब्रश फिरवावा आणि टर्नटेबलचं झाकण लावून ठेवावं.

ट्रंकेत जाड, जड, पडली तर काचेसारखी फुटणारी तबकडी निघाली तर ती ७८ फेऱ्यांची लाखेची. एलपी, म्हणजे ३३⅓ फेऱ्यांची रेकॉर्ड, १९४८ साली आली, ही त्याआधीची घडण, आपल्याकडे पुढेही बरीच वर्षं निघत राहिली. ती नव्या टर्नटेबलवर तशीच लावू नका. तिची खाच एलपीच्या खाचेहून खूप रुंद असते आणि सुई साधारण चौपट जाड लागते. बऱ्याच काट्रिजांना ७८ ची सुई वेगळी मिळते, तुमच्या टर्नटेबलला ७८ चा वेग आहे का ते आधी बघा. उलट, चावीच्या ग्रामोफोनवर एलपी कधीही लावू नका, पोलादी पिन ती एका फेरीत खरवडून टाकते. आणि लाखेच्या तबकडीला स्पिरिट किंवा अल्कोहोलचं क्लीनर लावायचं नाही, लाख त्यात विरघळते.